हिरडस मावळातली थार: तीन पावसाळ्यांचा केसपेपर

जनावर तपासायला गेलो की मी आधी कागद काढतो. कधीपासून चारा सोडलाय, दूध किती उतरलं, गेल्या खेपेला काय औषध दिलं होतं, हे लिहून घेतल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही, अशी शिकतानाची शिस्त. माझ्या थारच्या टायरांचंही मी तसंच लिहीत आलो. जून 2022 मध्ये ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे टायर चढवले, जून 2025 मध्ये उतरवले. मधल्या काळातलं प्रत्येक डिझेल, प्रत्येक पंक्चर, कुठल्या वाटेवर किती पाउंड हवा होती, सगळं वहीत आहे. नवे टायर घ्यायच्या विचारात असलेली ओळखीची माणसं फोन करून एकच विचारतात, "चिखलात चालतात का?" फोनवर याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून वही उघडून सविस्तर लिहितोय.

मी भोरला राहतो आणि गुरांचा डॉक्टर म्हणून खासगी काम करतो. माझी बरीचशी गावं भोरच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या कडेनं वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहेत. हा हिरडस मावळ. मुख्य रस्ता डांबरी आहे, पण वाड्या वर आहेत आणि धनगरवाडे त्याहून वर. वाटेत लाल माती, मुरूम, ओढ्यातले गोटे आणि पावसाळ्यात सगळ्यावर शेवाळ. दुसरीकडे औषधं, लसी, सामान आणायला महिन्यातून चार-पाच वेळा पुणं, म्हणजे कापूरहोळवरून हायवे. एकाच चाकाकडून ही दोन्ही कामं करून घ्यायची, ही माझी अडचण.

गाडी 2016 ची थार सीआरडीई. 2.5 लिटर डिझेल इंजिन, 105 हॉर्सपॉवर, मागच्या एक्सलला लॉक होणारा डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा), पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. हे शेवटचं वाक्य पुढे महत्त्वाचं ठरणार आहे. कंपनीचं टायरचं माप 235/70 आर 16, नक्षी रस्त्याची.

टायर बदलायची वेळ का आली

ऑक्टोबर 2021. रात्री साडेनऊला वरच्या वाडीतून फोन आला, गाय अडलीय, वासराचा एकच पाय बाहेर दिसतोय. निघालो. वाडीच्या अलीकडे दोन किलोमीटरवर ओढा ओलांडताना डाव्या मागच्या चाकातून फस्स आवाज झाला. उतरून बॅटरी मारली तर टायरच्या भिंतीला चार बोटं लांब चीर. काळ्या दगडाचा कोना पात्यासारखा लागला होता. उतारावर, ओल्या गोट्यांत जॅक टेकेना. शेवटी पिशवी खांद्याला मारून चालत गेलो. पोचायला पाऊण तास लागला. गाय वाचली, वासरू नाही वाचलं. लवकर पोचलो असतो तर वाचलंच असतं, असं मी म्हणणार नाही, पण तो पाऊण तास माझ्या डोक्यातून गेला नाही.

त्याच वर्षातली ही भिंत फाटायची दुसरी वेळ होती. जमिनीवर टेकणाऱ्या भागात खिळा गेला तर टायर आतून ठिगळ लावून नीट होतो. भिंतीला चीर गेली की टायर संपला. चालताना ती भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, तिथं ठिगळ धरत नाही. निम्मी नक्षी शिल्लक असलेले दोन टायर मी असे टाकून दिले होते.

म्हणजे माझी तक्रार चिखलाची नव्हती, भिंतीची होती. पण दुकानात उभा राहिलो तेव्हा मी हे विसरलो. समोर ठोकळ्याठोकळ्यांची खोल नक्षी दिसली आणि मनात आलं, आता ही गाडी कुठंही जाईल.

काय घेतलं

दुकानदारानं 245/75 आर 16 सुचवलं. हे माप बाजारात सहज मिळतं, कारण 2020 मध्ये आलेल्या नव्या थारच्या 16 इंची चाकांना कंपनीकडूनच ते येतं. "नवी थार घेते, तुमची पण घेईल," हे त्याचं म्हणणं. बसायला ते बसलंच. पण माझ्या मॉडेलला ते माप दिलेलं नाही. गाडीत कंपनीनं नोंदवलेल्यापेक्षा वेगळा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नं मनाई आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती ठामपणे सांगितली आहे. अपघात झाला आणि विमा कंपनीनं चाकांचं माप तपासलं तर आपल्या हातात काय उरेल, हा विचार मी 2022 मध्ये केला नाही. करायला हवा होता.

दुसरी गोष्ट भिंतीवरच्या आकड्यांची. टायरवर मापाच्या पुढे भाराचा क्रमांक असतो. मूळ टायरवर तो 106 होता, म्हणजे एका टायरला 950 किलो. नव्यावर मापाआधी एलटी ही अक्षरं आणि भाराचा क्रमांक 120, म्हणजे 1,400 किलो. एलटी म्हणजे मालवाहू पिकअपसाठीची बांधणी. माझी अख्खी गाडी साधारण 1,750 किलोची, चार चाकांवर वाटलेली. मला मजबूत भिंत हवी होती आणि ती मिळाली, तीन पदरी. त्याबरोबर नको तेवढा कडकपणा आणि प्रत्येक चाकाला काही किलो जादा वजनही आलं.

चार टायर घेतले. स्टेपनी तशीच ठेवली. "पाचवा कशाला? स्टेपनी काय रोज लागते का?" दुकानात असं म्हणाले आणि पंधरा-सोळा हजार वाचताहेत म्हणून मीही मान डोलावली. या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक ही.

मायलेजचा घोळ

पहिल्या दोन महिन्यांत वहीतला आकडा बघून जीव खाली-वर झाला. आधी गाडी लिटरला 12.4 देत होती, आता 11.2. जवळजवळ दहा टक्के घट. ज्यानं त्यानं मला हेच सांगितलं होतं, की ऑल-टेरेन लावले की डिझेल पिते.

एक दिवस पुण्याला जाताना मोबाइलवर जीपीएस लावला आणि लक्षात आलं. पूर्वी काटा 60 दाखवायचा तेव्हा खरा वेग 57 असायचा. आता काटा 60 आणि जीपीएसही 60. कारण सोपं आहे. मूळ टायरची उंची 735 मिलिमीटर, नव्याची 774. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी आता 12 सेंटिमीटर जास्त पुढे जाते, पण मीटरला ते ठाऊक नाही, तो फेरेच मोजतो. म्हणजे किलोमीटर मोजणारा आकडासुद्धा पाच टक्के कमी धावत होता. 11.2 ला 1.052 नं गुणलं तर 11.8 येतं. खरी घट लिटरला 0.6 किलोमीटर, म्हणजे पाच टक्के.

मी वर्षाला खरे 18,000 किलोमीटर चालतो. पाच टक्क्यांचे 76 लिटर होतात, डिझेलच्या तेव्हाच्या भावानं सात हजारांच्या आसपास. भिंत फाटून एक टायर वाया गेला तरी साधारण तेवढेच जातात. म्हणून या घटीबद्दल माझी कुरकुर नाही. पण टायर मोठा करून मायलेज मोजणाऱ्या प्रत्येकानं आधी हा गुणाकार करावा, नाहीतर निम्मा दोष भलत्याच गोष्टीवर जातो. ऑइल बदलायच्या किलोमीटरलाही हेच लागू आहे. मी 10,000 समजत होतो तेव्हा गाडी 10,500 चालून झालेली असायची.

सप्टेंबर 2022: पाचवा टायर

त्या वर्षी ऑगस्टपासून राज्यात लम्पी हा गुरांचा त्वचारोग पसरला. गायीबैलांच्या अंगावर गाठी, ताप, पायाला सूज. गोट पॉक्सची लस द्यायची मोहीम सुरू झाली आणि आम्ही सगळेच वाड्या-वस्त्यांवर धावत होतो. लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. मागच्या सीटवर शीतपेटी पट्ट्यानं बांधलेली, आणि पेटीतला बर्फ वितळायच्या आत वरच्या वाड्या उरकायच्या.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उजव्या मागच्या चाकात लोखंडी पट्टीचा तुकडा घुसला. भिंतीत नव्हे, नक्षीत, म्हणजे दुरुस्त होण्यासारखं पंक्चर. पण तिथं कोण करणार? जुनी स्टेपनी लावली आणि पुढे निघालो. वर चिखल होता म्हणून फोर हाय टाकलं, म्हणजे लिव्हरनं चारही चाकांना जोर दिला. गाडी चढली, काम झालं, खाली उतरताना वाडीतल्या नव्या सिमेंटच्या रस्त्यावर आलो. टू हायला, म्हणजे परत फक्त मागच्या चाकांच्या जोरावर आणायला लिव्हर ओढला तर हलेना. गाडीही ओढल्यासारखी चालत होती, वळणावर पुढची चाकं कुरकुरत होती. अजून जोर लावला असता तर काहीतरी तुटलं असतं, एवढं हाताला कळलं.

भोरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चारी चाकं सारखी हायत का, डॉक्टर?" मी स्टेपनीचं सांगितलं. "मग आता जोर लावू नका. स्टिअरिंग सरळ ठेवा आन् रिव्हर्समधी वीस-पंचवीस फूट मागं घ्या. मागं जाता जाताच लिव्हर ओढा." मागे घेतली. दहा-बारा फुटांवर खालून ठक्क असा आवाज आला, पायाखालच्या पत्र्याला जाणवला, आणि लिव्हर लोण्यात सुरी जावी तसा सुटला.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्याकडच्या लिव्हरवाल्या जुन्या फोर-व्हील गाड्यांत हा धोका कायम असतो. फोर हाय टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात, दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. माझ्या गाडीत तीन चाकं 774 ची आणि एक 735 चं. लहान चाकाला तेवढ्याच अंतराला जास्त फेरे लागतात. हिशेब केला तर शंभर मीटरमागे मागच्या एक्सलला पुढच्यापेक्षा जवळजवळ एक फेरा जास्त हवा. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हा फरक मिटतो. कोरड्या सिमेंटवर चाक घसरत नाही, मग तो फरक पीळ होऊन शाफ्टमध्ये, गिअरमध्ये साठत जातो. लिव्हर अडकतो तो त्या पिळामुळे. मागे घेतलं की पीळ उलगडतो. चारही चाकं सारखी असली तरी सिमेंटवर फोर हाय ठेवू नये, कारण वळणावर हेच घडतं. तेव्हा सिमेंट लागायच्या आधी लिव्हर काढायला हवा होता, ही चूक माझी. पण लहान स्टेपनीनं ते काही मीटरांत घडवून आणलं.

दुसऱ्याच दिवशी पाचवा टायर घेतला. तिथून पुढे दर 5,000 किलोमीटरला पाचही टायर फिरवले, स्टेपनीसकट, म्हणजे सगळे सारखेच झिजतात. या नक्षीला फिरवाफिरवी लागतेच. एकदा मी ती 9,000 पर्यंत लांबवली तर पुढच्या टायरांच्या बाहेरच्या ठोकळ्यांना लाटा पडल्या आणि हायवेवर 70 च्या पुढे असा घोंगावणारा आवाज सुरू झाला, की बायकोनं बेअरिंग गेलं म्हणून गाडी थांबवायला लावली.

घसरंडी: टायर किती आणि हवा किती

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका चढानं. धनगरवाड्याकडे जाणारा साठेक मीटरचा लाल मातीचा तुकडा, मधोमध पाण्यानं कापलेली चर, वर उंबराचं झाड. पाऊस पडून गेला की ती माती साबणासारखी होते. जुलै 2022 मध्ये नव्या टायरांवर पहिल्यांदा तिथं गेलो, फोर लो (चारही चाकं, पण हळू आणि जास्त ताकदीनं) टाकलं, आणि निम्म्यात बसलो. तीनदा प्रयत्न केला. खाली उतरून बघितलं तर ठोकळ्यांमधल्या सगळ्या फटी मातीनं लिंपल्या होत्या, ती खोल नक्षी कुठं दिसतच नव्हती. चाक गोटा झाल्यासारखं. वाड्यातले आबा कांबळ पांघरून वरून बघत होते. म्हणाले, "डॉक्टर, गाडी राहू द्या तिथंच. या चालत."

नंतर वाचून, विचारून कळलं की मी दुकानातून भरून आणलेल्या 36 पाउंडांवर ते करत होतो. पुढच्या खेपेला चढाच्या पायथ्याशी चारही चाकांची हवा 18 वर आणली. व्हॉल्व्हची पिन दाबून धरायची, गेज लावायचा, परत दाबायचं, असं करत दहा मिनिटं गेली. मग टायर बघितला. खालचा भाग पोळीसारखा पसरला होता, भिंत बाहेर फुगली होती. फोर लो, दुसरा गिअर, पाय हलका. एकदाच चाक फिरलं आणि गाडी उंबरापर्यंत गेली.

तेव्हा मला वाटलं, जमलं, टायर चांगले आहेत. पण मनात एक शंका राहिली. जुन्या टायरांची हवा मी कधीच कमी करून पाहिली नव्हती. मग श्रेय कुणाचं?

उत्तर मिळायला वर्ष गेलं. माझ्या एका व्यवसायबंधूंकडे हीच थार आहे, कंपनीच्या मापाचे रस्त्याचे टायर, नक्षी निम्मी शिल्लक. जुलै 2023 मध्ये आम्ही दोघे मुद्दाम पावसानंतर त्या चढावर गेलो. त्यांची गाडी 30 पाउंडांवर पहिल्या वीस मीटरमध्ये बसली. माझी 30 वर निम्म्याच्या थोडी पुढे जाऊन बसली. मग दोन्ही गाड्या 18 वर आणल्या. माझी चढली. त्यांची पहिल्या खेपेला उंबराच्या अलीकडे आठ-दहा मीटरवर थांबली, आणि दुसऱ्या खेपेला, थोडी डावीकडून घेतल्यावर, चढली.

एक चढ, एक दिवस, दोन गाड्या. यावरून नियम मांडता येत नाही, हे मला माहीत आहे. पण डोळ्यांनी बघितलं ते लपवता येत नाही: त्या मातीत नक्षीनं जेवढं काम केलं त्याहून जास्त हवा कमी केल्यानं झालं.

मग ऑल-टेरेनचा उपयोग काय? तो उतरताना दिसला. खालच्या ओढ्यात 18 पाउंडांवर त्यांच्या टायरची पातळ भिंत बाहेर फुगलेली, आणि दोन्ही बाजूंना तेच काळे, कोनेदार दगड. त्यांनी ओढ्याच्या अलीकडे थांबून परत 28 भरली, मगच गाडी पाण्यात घातली. मी 18 वर सरळ उतरलो. माझ्या टायरच्या भिंतीवर ओरखडे होते, चीर नव्हती. तीन वर्षांत एकदाही भिंत फाटली नाही. मला या टायरांनी चिखलातल्या पकडीपेक्षा दगडांत हवा कमी ठेवायची मुभा दिली, आणि माझ्या कामाला तीच मोलाची होती.

हवा कमी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी लिहून ठेवतो. 15 च्या खाली मी गेलो नाही, कारण जोरात वळवलं तर टायर रिम सोडतो. आणि डांबरी लागलं की आधी हवा. कमी हवेवर वेगात चालवलं तर भिंत सारखी दबून तापते आणि टायर फुटतो. बॅटरीला चिमटे लावायचा 12 व्होल्टचा पंप घेतला. 18 वरून 30 ला चार टायर आणायला पंचवीस मिनिटं लागतात. पावसात ती पंचवीस मिनिटं फार मोठी वाटतात आणि घाई करायचा मोह रोज होतो.

भाताच्या खाचराबद्दल एवढंच, की चिखलणी केलेल्या खाचरात कुठलाच टायर चालत नाही. एकदा बांधावरून घसरलो आणि ट्रॅक्टरनं ओढून काढलं.

कापूरहोळचा ब्रेक

जून 2023, पहिला पाऊस. पुण्याहून येताना कापूरहोळला भोरकडे वळायच्या आधी पुढचा टेम्पो अचानक थांबला. मी ब्रेक मारला, चाकं जाम झाली, गाडी सरळ घसरत गेली. ब्रेक सोडून परत मारला. टेम्पोच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबली. घाम फुटला.

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा कुठल्याही टायरला ते अवघडच. एबीएस नाही. शिवाय चाक मोठं आणि जड झालं की त्याच ब्रेकला जास्त काम पडतं. यातला टायरचा वाटा किती आणि माझ्या अंतर न ठेवण्याचा किती, हे एका प्रसंगावरून ठरवता येणार नाही. पण ओल्या गुळगुळीत डांबरावर या टायरांचा जुन्यांइतका भरवसा मला तीन वर्षांत कधीच वाटला नाही. ठोकळ्यांच्या नक्षीत मोकळ्या फटी जास्त, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी.

त्या दिवशी घरी आल्यावर मी खडूची परीक्षा केली, ती प्रत्येकानं करावी अशी आहे. टायरवर आडवी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, खडूची जाड रेघ मारायची आणि कोरड्या सपाट रस्त्यावर शे-दोनशे मीटर सरळ जायचं. मग रेघ बघायची. 34 पाउंडांवर माझी रेघ मधल्या पट्ट्यात पुसली गेली होती, दोन्ही कडांना पांढरी शिल्लक. म्हणजे तो रुंद टायर जमिनीला फक्त मध्येच टेकत होता, आणि मी सगळं वर्ष तसाच पावसात फिरत होतो. 32 वर थोडी सुधारली. 29 वर कडेपासून कडेपर्यंत सारखी पुसली. गाडीच्या पुस्तकातला हवेचा आकडा मूळ मापाच्या टायरसाठी आहे, माप आणि बांधणी बदलली की तो तसाच्या तसा चालत नाही. सामान आणि माणसं भरली की 32, एरवी 29, असं मी ठरवलं. गाडी धक्केही कमी देऊ लागली. शीतपेटीतल्या बाटल्यांचा खणखणाट निम्म्यावर आला.

जून 2025: उतरवताना

मीटरवर तेव्हा या टायरांचे 51,300 किलोमीटर झाले होते, खरे 54,000. नक्षी 4 मिलिमीटरच्या आसपास. कायद्यानं 1.6 पर्यंत चालवता येतात, पण वरंध्याच्या पावसात 4 च्या खाली चालवायची माझी तयारी नाही. पंक्चर पाच, सगळी नक्षीत. भिंत फाटणं शून्य.

नवे घेताना या वेळी वहीतून एक वेगळा आकडा काढला. 54,000 पैकी कच्च्या वाटेवर किती? जोडत गेलो तर जेमतेम 6,000 भरले. उरलेले सगळे डांबर आणि सिमेंट. शिवाय तीन वर्षांत चार वाड्यांना सिमेंटचा रस्ता पोचला आहे. वाटा बदलत चालल्या आहेत आणि ते चांगलंच आहे.

म्हणून परत ऑल-टेरेनच घेतले, पण मूळ 235/70 आर 16 मापाचे, एलटी नसलेल्या साध्या बांधणीचे, आणि पहिल्याच दिवशी पाच. कायद्याचा प्रश्न मिटला, किलोमीटरचा आकडा परत ताळ्यावर आला, पाचव्या गिअरमध्ये चढाला इंजिन धापा टाकायचं ते थांबलं. मायलेज पहिल्या चार महिन्यांत 12.1.

गमावलंही. मोठ्या टायरानं गाडीचं पोट 19 मिलिमीटर वर उचललं होतं. 2025 च्या पावसाळ्यात मागच्या एक्सलचा गोळा (डिफरन्शियलची फुगीर पेटी) दोनदा दगडाला घासला, तीन वर्षांत तो एकदाही घासला नव्हता. भिंतही आता तीन पदरी नाही, म्हणून ओढ्यात 18 ऐवजी 22 ठेवतो आणि खाली उतरून दगड बघून मगच चाक घालतो. ऑक्टोबर 2021 मधला तो ओढा आता चालत पार करून बघायची सवयच लागली आहे. माझे व्यवसायबंधू म्हणतात की एलटी सोडायला नको होते, आणि ज्याच्या रोजच्या वाटेत निम्मे दगड असतील त्याला मीही एलटीच घ्यायला सांगेन.

उंबराच्या चढावर 2025 च्या जुलैमध्ये दोनदा गेलो. पहिल्या दिवशी 20 पाउंडांवर दुसऱ्या खेपेला चढली, चर उजव्या हाताला ठेवून. दुसऱ्या दिवशी पाऊस फार होता. आबांच्या म्हशीला ताप होता, घाई नव्हती. गाडी खाली लावली आणि चालत गेलो.